दोनशे येनची मर्यादा आणि गोळ्या-चॉकलेटांचा ढीग

जपानमधील एखाद्या मोठ्या गेम सेंटरमध्ये बाहुल्या उचलणाऱ्या क्रेनच्या रांगा ओलांडून आत गेले, की बऱ्याचदा एक बुटके, गोल, पारदर्शक घुमटाचे यंत्र दिसते. घुमटाखाली गोळ्या आणि कागदात गुंडाळलेली छोटी चॉकलेटे घेऊन एक तबक सावकाश फिरत असते. १०० येनचे नाणे टाकून बटण दाबले, की फावड्यासारखा एक हात खाली येतो, तबकातून चार-पाच गोळ्या उपसतो आणि बाजूच्या फळीवर आणून सोडतो. ही फळी एकसारखी मागेपुढे सरकत असते. नव्याने पडलेल्या गोळ्या आधीच्या गोळ्यांना पुढे ढकलतात आणि काठावर आलेल्या दोन-तीन गोळ्या खालच्या कप्प्यात पडतात. काठावर टांगणीला लागलेला चॉकलेटचा मोठा डबा बहुधा तिथेच राहतो, आणि खेळाडूचा हात पुन्हा खिशाकडे जातो.

बक्षीस म्हणून खाऊच का, या प्रश्नाला ‘मुलांना गोड आवडते’ हे उत्तर पुरेसे नाही. जपानमधील खेळयंत्रांचा इतिहास पाहता, खाऊचे बक्षीस मुलांच्या आवडीइतकेच कायद्याच्या धाकातूनही आलेले दिसते.

नाणे, यंत्र आणि खाऊ यांची सांगड गेम सेंटरपेक्षा पुष्कळ जुनी आहे. ग्लिको ही कंपनी आपल्या कॅरमेलच्या खोक्यात १९२७ पासून लहानसे खेळणे घालू लागली, आणि १९३१ मध्ये तिने टोकियोतील डिपार्टमेंट स्टोअरमध्ये एक विलक्षण विक्रीयंत्र मांडले. त्यात १० सेनचे (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग) नाणे टाकले की सुमारे २० सेकंद चित्रपटाचा तुकडा दिसे, मग कॅरमेलचे खोके आणि २ सेन परत मिळत. गोष्टीचा पुढचा भाग पाहायचा, तर पुन्हा नाणे टाकणे आले. हा काही नशिबाचा खेळ नव्हता, परंतु खाऊ हाती पडण्यापूर्वी थोडी गंमत विकायची आणि ती अर्ध्यावर तोडायची, ही युक्ती त्यात पुरेपूर होती. आज प्रौढांचा धंदा म्हणून ओळखले जाणारे पाचिंको, म्हणजे धातूच्या गोळ्या उडवण्याचा खेळ, हेसुद्धा सुरुवातीला खाऊच्या दुकानांत मुलांसाठी मांडलेले यंत्र होते. धातूची गोळी योग्य भोकात पडली, की मुलांना मिठाई मिळे.

त्याच १९३१ मध्ये टोकियोच्या आसाकुसा भागात मात्सुया स्टोअर उघडले आणि त्याच्या गच्चीवर नाण्यावर चालणाऱ्या खेळांचा ‘स्पोर्ट्‌स लँड’ सुरू झाला. खरेदीला आलेल्या कुटुंबाने वरच्या मजल्यावर जेवावे आणि मुलांना गच्चीवर सोडावे, ही रीत युद्धानंतर शहरोशहरी पसरली. पुढे ‘नामको’ या नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी मासाया नाकामुरा यांनी १९५५ मध्ये काढली, तीसुद्धा योकोहामातील एका स्टोअरच्या गच्चीवर दोन यांत्रिक लाकडी घोडे ठेवून. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या तैतो या कंपनीच्या सुरुवातीच्या व्यवसायात शेंगदाण्यांची विक्रीयंत्रे होती. याच तैतोने १९६५ मध्ये ‘क्राउन ६०२’ हे क्रेनचे यंत्र बाजारात आणले. क्रेनची मूळ कल्पना अमेरिकी जत्रांमधील ‘डिगर’ यंत्रांची. त्या काळची यंत्रे पेटीसारखी बुटकी असत आणि खेळाडूला वरून वाकून आत पाहावे लागे. आत गोळ्या, च्युइंगम आणि किरकोळ खेळणी असत.

गल्लीतल्या स्वस्त खाऊच्या दुकानांचा, म्हणजे ‘दागाशीयां’चा, प्रवाह याला समांतर वाहत होता. दुकानाबाहेर १० येनवर चालणारी यंत्रे असत. त्यांपैकी कोमाया कंपनीच्या शिंकानसेनच्या (जपानी बुलेट ट्रेनच्या) खेळात तर टाकलेले तांब्याचे नाणेच चेंडूचे काम करी. खटके मारत ते एकेका स्थानकावरून पुढे उडवायचे, वाटेतल्या भोकात पडले तर संपले, शेवटच्या स्थानकाला पोचले तर ‘आतारी’चे, म्हणजे जिंकल्याचे, चकते बाहेर येई. ते दुकानदार आजीबाईच्या गल्ल्यावर दिले, की त्या किमतीचा खाऊ हातात पडे. यंत्रातून पैसा कधीच बाहेर येत नसे.

हा बारकावा महत्त्वाचा आहे. १९०७ च्या जपानी दंडसंहितेतील कलम १८५ जुगाराला गुन्हा ठरवते, मात्र ‘तात्पुरत्या करमणुकीच्या वस्तू’ पणाला लावल्या असतील तर सूट देते. खाण्यापिण्याच्या, लगेच संपून जाणाऱ्या किरकोळ वस्तू या सुटीत बसतात, तर रोख रक्कम कितीही थोडी असली तरी बसत नाही, असा अर्थ न्यायालयांनी लावला. खाऊ हे सर्वांत निर्धोक बक्षीस ठरले ते असे.

गेम सेंटरांवर मात्र १९८० च्या दशकात आणखी एक कायदा आला. व्हिडिओ खेळांची लाट ओसरत असताना पोकरची यंत्रे लावून चोरून जुगार चालवणारी ठिकाणे उघडकीस येत होती आणि रात्री उशिरापर्यंत तिथे रेंगाळणाऱ्या मुलांविषयी ओरड होत होती. करमणुकीच्या व्यवसायांचे नियमन करणाऱ्या १९४८ च्या कायद्यात म्हणून दुरुस्ती झाली, आणि फेब्रुवारी १९८५ पासून गेम सेंटरे पोलिसांच्या परवान्याखाली आली. खेळाच्या निकालानुसार बक्षीस देण्यास त्यांना मनाई झाली. अक्षरशः पाहिले तर क्रेनची सगळी यंत्रे बंदच पडायची. परंतु क्रेनने वगैरे उचललेली वस्तू ठरावीक किमतीच्या आतली असेल, तर ते ‘निकालानुसार बक्षीस’ धरू नये, अशी वाट पोलिसांच्या अर्थनिर्णयाने मोकळी ठेवली. सुरुवातीची मर्यादा होती साधारण २०० येन. कायद्याने दार लावायचे आणि अर्थनिर्णयाने खिडकी उघडी ठेवायची, ही जपानी प्रशासनाची जुनी हातोटी येथेही दिसते.

त्या २०० येनांत काय बसते? तकलादू खेळणे, कीचेन, किंवा खाऊ. त्याच १९८५ मध्ये सेगा कंपनीने ‘यूएफओ कॅचर’ हे क्रेनचे यंत्र आणले. त्याची उभी, काचेची पेटी डोळ्यांच्या उंचीवर असल्याने वस्तू लांबून दिसत आणि वाकण्याची गरज उरली नाही. या यंत्राचा ओढा पुढे मऊ बाहुल्यांकडे गेला. नामकोने १९८८ मध्ये ‘स्वीट लँड’ आणले ते निव्वळ खाऊसाठी. फिरते तबक, फावडे आणि सरकती फळी यांचा मेळ त्यात घातला होता. त्यातली फळी ब्रिटनच्या समुद्रकिनारी करमणूक केंद्रांत १९६० च्या दशकात रुजलेल्या नाणी ढकलणाऱ्या यंत्रांची आठवण करून देते. तिथे पेनीवर पेनी पडून पेन्या घरंगळत, इथे गोळीवर गोळी. माझ्या मते या यंत्राचे खरे कसब निराशा सौम्य करण्यात आहे. बाहुली एक तर मिळते, नाही तर हुकते. इथे मात्र दोन गोळ्या तरी बहुधा पडतात. शिवाय एकेका गोळीची किंमत नगण्य असल्याने मर्यादेचा प्रश्नच उद्भवत नाही.

मर्यादा १९९० मध्ये ५०० आणि १९९७ मध्ये ८०० येन झाली. तेव्हा कार्टून पात्रांच्या बाहुल्यांना मोकळे रान मिळाले आणि खाऊची यंत्रे लहान मुलांच्या कोपऱ्यात सरली. दुसरीकडे १९८९ मध्ये ३ टक्क्यांनी सुरू झालेला उपभोग कर वाढत वाढत २०१९ मध्ये १० टक्क्यांवर गेला. पण यंत्राला १०० येनचे नाणे तेवढे कळते, ११० येन कळत नाहीत, त्यामुळे वाढीव कर चालकांनाच सोसावा लागला. १९८६ मध्ये २६ हजारांच्या वर असलेली गेम सेंटरे पुढच्या साडेतीन दशकांत ४ हजारांच्या आसपास आली. जी टिकली, त्यांत बक्षिसाच्या यंत्रांनी व्हिडिओ खेळांची जागा घेतली, आणि खाऊही परतला, तो बहुधा क्रेनच्या पेटीत, मोठमोठ्या पाकिटांच्या रूपाने.

मार्च २०२२ मध्ये मर्यादा साधारण १,००० येनवर गेली. पुढच्याच महिन्यात, १९७९ पासून १० येनला मिळणारी ‘उमाइबो’ ही मक्याची कुरकुरीत कांडी १२ येनची झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये १५ येनची.