१२८ चं ३२० केल्यावर वाढतं ते फक्त फाइलचं वजन

‘तुमची १२८ केबीपीएसची एमपी३ अपलोड करा आणि ३२० केबीपीएसची स्टुडिओ क्वालिटी फुकट मिळवा!’ ऑडिओ कन्व्हर्ट करून देणाऱ्या वेबसाइटवर असली आमिषं सर्रास दिसतात. (केबीपीएस म्हणजे सेकंदाभराच्या आवाजासाठी किती हजार बिट, म्हणजे शून्य-एकाचे अंक, वापरले ते.) फाइल खरंच अडीच पट मोठी होऊन मिळते. आवाजात मात्र काडीची भर पडत नाही.

सीडीवर आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो, दर मोजणीला १६ बिट, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये उरतात जेमतेम १ लाख २८ हजार. तरीही गाणं गाण्यासारखंच वाजतं! जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही किमया साधली, ती मुख्यतः आपल्या कानाच्या उणिवा हेरून.

आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्यात एक लांबट पडदा. तीव्र स्वरांनी हा पडदा तोंडाशी थरथरतो, खर्जाच्या स्वरांनी पार आतल्या टोकाला. (या शोधासाठी शास्त्रज्ञ गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१चं नोबेल मिळालं.) आता समजा, १००० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १००० कंपनांचा) मोठा स्वर चालू आहे आणि त्याला खेटून ११०० हर्ट्झचा अगदी बारीक स्वर. दोघांची जागा पडद्यावर जवळपास एकच. मोठ्याच्या थरथरीत धाकटा बुडून जातो. शिवाय खर्जाची लाट आत जाताना तीव्र स्वरांच्या जागेवरूनच जाते, म्हणून खालचा स्वर वरच्याला जितका झाकतो, तितका वरचा खालच्याला झाकत नाही.

खरी गंमत पुढे आहे. एमपी३ हे झाकलेले स्वर नुसते कापून टाकत नाही, तर आकडे ढोबळ करते. आवाजाचे सुमारे २६ मिलिसेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येकातल्या निरनिराळ्या कंपनसंख्यांची ताकद मोजायची आणि ते आकडे कमी बिटांत बसतील असे ‘राउंड ऑफ’ करायचे. त्यातून खरखर निर्माण होते. ही खरखर मोठ्या स्वरांच्या सावलीत दडेल इतकीच ठेवायची, हे सगळं कौशल्य. ते तबल्यावर उघडं पडतं. ‘ना’ची थाप तुकड्याच्या मध्यावर पडली, तर खरखर मात्र अख्ख्या तुकड्यात पसरते, थापेच्या आधीच्या शांततेतही. एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारा प्रोग्रॅम, अशा वेळी छोटे तुकडे पाडतो, पण बिट कमी असले की हेडफोनवर थापेची धार बोथट झालेली कळते.

एकदा ढोबळ झालेला आकडा मूळचा किती होता, हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. ३२० करताना फाइल आधी उलगडली जाते आणि तेच आकडे पुन्हा एकदा ढोबळ होतात, म्हणजे झालीच तर थोडी हानीच. वेव्ह किंवा फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारे फाइलचे प्रकार) केली तर नवी हानी नाही, पण जुनी भरून निघत नाही. मूळ सीडीवरून थेट केलेली फ्लॅक ही वेगळी चीज. तिची वेव्ह आणि वेव्हची फ्लॅक कितीही वेळा करा, एक बिटही हलत नाही. व्हॉट्सअॅपच्या ओपस प्रकारातल्या व्हॉइस नोटची एमपी३ खुशाल करा, बोलण्याला तेवढं चालतं.

काही ठिकाणी ‘४४० हर्ट्झचं गाणं ४३२ करा, मन शांत होईल, रोग बरे होतील’ असंही विकलं जातं. (४४० हर्ट्झ हा वाद्यं जुळवण्याचा प्रमाण स्वर.) यात होतं काय, तर गाणं सुमारे एक तृतीयांश अर्धस्वर खाली उतरतं. आपल्याकडे कोणी काळी एकमध्ये गातं, कोणी पांढरी चारमध्ये. त्यावरून श्रोत्यांची तब्येत बदलल्याचं ऐकिवात नाही.

‘३२०’ची परीक्षा घरीच घेता येते. फाइल ऑडॅसिटी या ऑडिओ प्रोग्रॅममध्ये उघडा आणि ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या वेळी कुठल्या कंपनसंख्या आहेत ते दाखवणारं चित्र, निवडा. १६-१७ हजार हर्ट्झच्या वर गाणंभर सपाट रेघ मारल्यासारखं रिकामं दिसलं, तर ती बहुधा १२८चीच फाइल आहे, पाटी तेवढी बदललेली.