सगळं बोलायला लावलं की आघात ओसरतो?

पूर, भूकंप झाला की एक सल्ला हमखास फिरतो: ‘सगळ्यांना गोल बसवा, प्रत्येकाला घडलेलं सविस्तर सांगायला लावा, मन मोकळं होईल.’ हेतू चांगलाच आहे. पण लगेच एकाच बैठकीत असं बोलायला लावल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतोही, असं अभ्यासांत दिसलं आहे. आठवण उकरली की छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. शरीर पुन्हा धोक्यात असल्यासारखं वागतं. म्हणून आधी ते शांत व्हायला हवं. एकत्र चालणं, सावकाश श्वास सोडणं इथे मदतीला येतं. मनगटावर नाडी धरून पाहा: श्वास घेताना ती किंचित जलद होते, सोडताना मंदावते. बोलायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. महिन्यानंतरही झोप लागत नसेल, दचकणं थांबत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच.