मोटारीतील डांबरी अस्तर व जुने सीलर काढणे

मोटारगाडीचा तळपत्रा, इंजिनकक्ष व बैठककक्ष यांमधला पत्रा आणि चाकांच्या कमानी यांवर आतून चिकटविलेले कंपशामक अस्तर, तसेच पत्र्यांच्या सांध्यांत भरलेले सीलर (सांधा बंद करणारा लगदा) खरवडून मूळ धातू उघडा करण्याची प्रक्रिया. सोलापूरच्या डेंटिंग-पेंटिंग व्यवसायात हे काम स्वतंत्र मानले जात नाही. कुजलेला पत्रा कापून नवा जोडण्यापूर्वीची तयारी म्हणून ते केले जाते. वेल्डिंगच्या उष्णतेने डांबर पेटू शकत असल्याने हे काम टाळता येत नाही.

या अस्तराला व्यवहारात ‘ध्वनिरोधक’ म्हणतात. मात्र त्याचे कार्य मुख्यतः पत्र्याचे कंपन शमविणे हे असून हवेतून येणारा आवाज ते थोडाच अडविते. अस्तराचा उगम नेमका कोणता मानावा, याविषयी एकवाक्यता नाही. पत्र्यावर डांबरमिश्रित थर देण्याची रीत उपपत्तीच्या आधीची दिसते. हेर्मान ओबेर्स्ट यांनी पातळ पत्र्यावरील घट्ट चिकटलेल्या थराने होणाऱ्या शमनाचे गणित १९५२ मध्ये मांडले, तर दोन कठीण थरांमध्ये दाबलेल्या मऊ थराचा विचार एडवर्ड कर्विन यांनी १९५९ मध्ये केला. पहिल्या प्रकारात थर ताणला व आखडला जातो, दुसऱ्यात तो कातरला जातो. कारखान्यात रंगभट्टीच्या उष्णतेने वितळवून बसविलेली डांबरी शीट पहिल्या प्रकारात मोडते, ॲल्युमिनियमचे पृष्ठ असलेली ब्यूटिल (कृत्रिम रबर) पट्टी दुसऱ्या. त्यामुळे आजच्या सर्व अस्तरांचे मूळ एकाच संशोधनात शोधणे सयुक्तिक वाटत नाही.

डांबर काढण्याच्या प्रचलित पद्धती दोन आहेत : हीट गनने मऊ करून पत्तीने उचलणे, अथवा थंड करून फोडणे. थंड पद्धतीत −७८.५° से. तापमानाचा घन कार्बन डायऑक्साइड (शुष्क बर्फ) अस्तरावर पसरून नंतर लाकडी किंवा रबरी हातोडीने ठोकतात. यात अस्तर का सुटते, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक असे, की शुद्ध डांबराचे आकुंचन पोलादाच्या दहापटीहून अधिक असल्याने चिकटलेल्या पृष्ठावर ताण निर्माण होतो. दुसरे असे, की डांबर काचेसारखे ठिसूळ होऊन ठोक्याने फुटते. शीटमध्ये खनिज भुकटी मिसळलेली असल्याने पहिला परिणाम काहीसा घटतो आणि नुसत्या थंडाव्याने सुटू पाहणारा थरही बहुधा ठोकल्यावरच निघतो. म्हणून ठिसूळपणाला अधिक महत्त्व देणे योग्य ठरते. कार्बन डायऑक्साइड हवेहून जड असल्याने तो गाडीत साचू नये म्हणून दारे उघडी ठेवणे व तीव्र थंडीपासून बचावासाठी जाड हातमोजे वापरणे आवश्यक असते.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४०° से. ओलांडतो. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीच्या पत्र्याचे तापमान डांबराच्या मृदुभवनबिंदूच्या (ते मऊ होण्याच्या तापमानाच्या) आसपास पोहोचते, त्यामुळे भर दुपारी पत्तीला डांबर लांबत जाऊन चिकटते व काम वाढते. पत्तीने उचलण्यास सकाळची वेळ सोयीची. थंड पद्धतीला हिवाळ्यातील पहाट अनुकूल. या कोरड्या प्रदेशात अस्तराखाली गंज चढण्याचे एक कारण पाऊस नसून वातानुकूलन यंत्राची तुंबलेली निचरानळी हे असते : नळीतून बाहेर पडावयाचे पाणी गालिच्याखाली मुरते आणि डांबराखाली अडकून राहते.

उरलेला चिकट थर रॉकेल किंवा टर्पेंटाइनने भिजविलेल्या सुती चिंध्यांनी पुसतात. चादरी व टॉवेलांच्या या शहरात चिंध्यांची वानवा नाही. पेट्रोल वापरणे धोक्याचे असते. फार जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टसचे तंतू असण्याची शक्यता असल्याने कोरडे घासणे टाळावे.

सीलरचे वर्तन वेगळे आहे. ते बहुधा पीव्हीसीचे असून रंगभट्टीत कडक होते. थंडीने ते सहज सुटत नाही आणि ज्योतीने जाळल्यास आम्लधर्मी व दाहक हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो. सांध्यातील सीलर दुरुस्तीपुरतेच काढतात. तेथे प्रायमरनंतर पॉलियुरेथेनचे नवे सीलर भरतात. नव्या अस्तरासाठी, विशेषतः छत व दारे यांवर, ब्यूटिल पट्टीच पसंत करावी, कारण उन्हाळ्यात डांबरी पट्टी तेथून निसटते.