तान्ह्या बाळाचं फर्निचर (मुंबईतली घरं)

तान्ह्या बाळाचं फर्निचर म्हणजे जन्मापासून साधारण दोन-अडीच वर्षांपर्यंत बाळाला झोपवायला, त्याचे कपडे-दुपटी ठेवायला आणि आईनं टेकून बसून पाजायला घरात जे सामान लागतं ते. कॅटलॉगमध्ये यासाठी एक अख्खी खोली सजवलेली दाखवतात. मुंबईत तशी खोली फार थोड्यांकडे असते. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची, झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर बरीच वर्षं २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांचं, आणि वन बीएचके असला तरी बेडरूममध्ये डबलबेड नि कपाट लागलं की उरते ती फक्त चालायची वाट. त्यामुळे इथे आधी जागा काढायची आणि मग वस्तू बघायची, उलटं केलं की वस्तू गॅलरीत जाते.

वेगळी खोली नाही हे कुणी मनाला लावून घेऊ नये. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या तिकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचनांतसुद्धा बाळानं किमान पहिले ६ महिने आईवडिलांच्याच खोलीत झोपावं असं सांगितलंय, फक्त त्याचं अंथरूण वेगळं, सपाट आणि घट्ट असावं. म्हणजे बेडच्या शेजारी दोन बाय चार फुटांहून थोडी जास्त मोकळी जागा निघाली तर बाळाची सोय झाली, आणि खरा खर्च, खरी अक्कल या एवढ्याशा जागेवरच लावायला हवी.

झोपायची जागा

आपल्याकडे पाळणा आधी येतो. बाराव्या दिवशी बारसं, त्यासाठी पाळणा हवाच, पण तो विकत घ्यायलाच हवा असं नाही, मंडप-डेकोरेशनवाले फुलांनी सजवलेला पाळणा एका दिवसासाठी भाड्यानं देतात. शिवाय पहिलं बाळंतपण बऱ्याचदा माहेरी होतं आणि बाळ स्वतःच्या घरी येतं ते दोन-तीन महिन्यांनी. छोटा पाळणा किंवा बॅसिनेट (टोपलीसारखा छोटा बिछाना) बाळ कुशीवर वळायला लागेपर्यंतच वापरायचा असतो, म्हणजे साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत, त्यामुळे सासरच्या घरी महागडा पाळणा घेऊन ठेवला तर तो जेमतेम महिना-दोन महिने कामाला येतो. अशा घरांनी सरळ कॉट, म्हणजे चारी बाजूंनी सळ्यांचा कठडा असलेली बाळाची खाट, घ्यावा हे बरं. माहेरी नात्यातलाच एखादा पाळणा फिरून येतो, तो चालतो, फक्त कड्या, साखळ्या आणि जोड नीट ओढून बघावेत.

झोळीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला पाहिजे. साडीची किंवा लुगड्याची झोळी पिढ्यान्पिढ्या चालत आलीय, रडणारं बाळ तिच्यात चटकन शांत होतं हे खरंच आहे, आणि जागा शून्य लागते म्हणून छोट्या घरात ती सगळ्यांना आवडते. पण झोळीत बाळ गोलसर दुमडून पडतं, हनुवटी छातीला टेकते आणि अगदी लहान बाळाची मान बळकट नसल्यामुळे श्वासाला अडथळा होऊ शकतो. घरातली जरा मोठी मुलं झोळीत गरागरा फिरून खेळतात आणि कापडाचा गळ्याला फास बसून मुलं दगावल्याच्या घटना आपल्या देशात नोंदल्या गेल्यात. म्हणून समोर मोठं माणूस बसलेलं असताना शांत करायला झोळी ठीक, रात्रभर झोपवायला नको, आणि बाळ उचललं की कापड हुकावरून काढून ठेवायचं. हूकसुद्धा बघायचा, जुन्या चाळीत तो सागवानी तुळईत असायचा, नव्या बिल्डिंगमध्ये स्लॅबमध्ये भोक पाडून बसवावा लागतो आणि पीओपीच्या फॉल्स सीलिंगवर तर काहीच टांगू नये, ते वजन घ्यायला बनलेलंच नसतं.

कॉट बघताना पहिली गोष्ट सळ्यांमधली फट. अमेरिकेत ही फट जास्तीत जास्त ६ सेमी चालते, युरोपातल्या नियमात ४.५ ते ६.५ सेमी. यापेक्षा मोठी असेल तर बाळाचं अंग बाहेर सरकतं आणि डोकं आत अडकतं. दुकानात टेप नसेल तर कोल्ड्रिंकचा कॅन न्यायचा, पण तो बुटका जाड हवा, हल्ली मिळणारा उंच बारीक नव्हे, जाड कॅनचा व्यास साधारण ६.६ सेमी असतो, तो सळ्यांमधून आरपार गेला तर कॉट कितीही सुंदर असो, परत फिरायचं. मग गादी आत ठेवून कडेनं बोटं घालून बघायची, दोन बोटांपेक्षा जास्त जागा असेल तर गादी लहान आहे. गादी हातानं दाबली की खड्डा पडून राहू नये, लगेच वर आली पाहिजे, म्हणून मऊ फोमपेक्षा घट्ट कॉयरची (काथ्याची) किंवा नीट भरलेली कापसाची बरी, आणि कापसाची असेल तर गादीवाल्याला सांगायचं की गच्च भर, वर्षभरात बसते ती. गादीखालची फळी सगळ्यात खालच्या लेव्हलला असताना कठडा त्या फळीपासून किमान ६० सेमी उंच हवा. बाळ धरून उभं राहायला लागलं की गादी खालच्याच लेव्हलला न्यायची, हे बरेच जण विसरतात.

बेडला लावायचा एका बाजूनं उघडा साइड कॉट मुंबईच्या बेडरूमला फार सोयीचा, रात्री उठावं लागत नाही, पण तो पट्ट्यांनी बेडला घट्ट बांधलेला हवा आणि दोन गाद्यांच्या मध्ये फट राहता कामा नये.

परदेशातल्या नातेवाइकांकडून जुना कॉट येत असेल तर एक बाजू वर-खाली सरकणारा आहे का ते विचारायचं. असे कॉट अमेरिकेत जून २०११ पासून विकायलाच बंदी आहे, कारण सरकणाऱ्या बाजूचे खिळे-क्लिपा ढिल्या होऊन ती निसटायची आणि त्या फटीत बाळं अडकायची.

दुकानात कॉटबरोबर उशी, लोड, बाजूला लावायचे मऊ पॅड असा सेट गळ्यात मारतात. अमेरिकेच्या २०२२ च्या कायद्यानं ही कडेची पॅडं आणि १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेली झोपायची साधनं बंद केली. बाळ पाठीवर झोपवायचं आणि अंथरुणात मऊ, सैल काहीही ठेवायचं नाही, डोकं गोल व्हावं म्हणून आजी प्रेमानं देते ती राईची उशीसुद्धा झोपेत नको. मच्छरदाणी मात्र हवीच, डेंग्यू-मलेरियाच्या या शहरात तिच्यावर तडजोड नाही, ती ताणून बाहेरून बांधलेली असावी, बाळाच्या हाताला लागेल अशी लोंबकळणारी नको.

लाकूड, रंग आणि पावसाळा

मुंबईत जून ते सप्टेंबर भिंती ओल्या असतात आणि स्वस्तातलं पार्टिकल बोर्ड एका पावसाळ्यात कडेनं फुगतं, स्क्रू धरत नाही, कॉट हलायला लागतो. सुताराकडून करून घेत असाल तर पक्कं लाकूड किंवा चांगला प्लाय मागा, प्लायवर आयएस म्हणजे भारतीय मानकाचा शिक्का असतो, साधा ओलसर हवेसाठीचा आयएस ३०३ आणि पाण्याला टिकणारा मरीन आयएस ७१०. नव्या प्लाय-सनमायकाच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड निघतं, डोळे चुरचुरतात, म्हणून काम बाळ यायच्या बरंच आधी आटपून दारं-खिडक्या उघड्या टाकाव्यात, ऐन पावसात घर बंद असताना नको. कॉट बाहेरच्या भिंतीला चिकटवायचा नाही, वीतभर लांब ठेवला तर मागे बुरशी धरत नाही.

दात यायला लागले की बाळ कठडा चावतं. भारतात घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवायचा नियम २०१६ चा, आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइलपेंट मारलेला वारशाचा पाळणा असेल तर तो चावण्याच्या टप्प्यात ठेवू नये, आणि गरोदर बाई घरात असताना त्याला पॉलिशपेपर तर अजिबात मारू नये, शिशाची धूळ रंगापेक्षा वाईट.

बाकीचं सामान

कपडे बदलायचं उंच टेबल इथे लागत नाही. जमिनीवर चटई, वर मेणकापड नि दुपटं, बाळ खाली पडायचा प्रश्नच नाही. पाजायला पाठ टेकणारी, हाताला आधार देणारी खुर्ची असावी, सिझर झालेल्या बाईला तर ती कॉटइतकीच गरजेची, आणि त्यात पैसे वाचवू नयेत. कपड्यांना घरातल्याच कपाटाचे दोन खण पुरतात. नवीन ड्रॉवरचं कपाट घेतलंच तर ते एल-ब्रॅकेटनं भिंतीला ठोकायचं, कारण मूल ड्रॉवर उघडून त्यावर पाय देतं आणि कपाट अंगावर येतं. भाड्याच्या घरात मालक भिंतीला भोकं पाडू देत नाहीत, तेव्हा ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स कराराच्या वेळीच ही परवानगी मागून घ्यावी, बाळाचं कारण सांगितलं की सहसा नाही म्हणत नाहीत. खिडकीखाली कॉट, पेटी, स्टूल काहीच नको, ग्रील असलं तरी.

चाकांचा बसायचा वॉकर घेऊ नये. त्यानं मूल लवकर चालत नाही, उलट जिना, गरम भांडी, बाथरूमचा उंबरा याकडे वेगानं पोचतं, कॅनडानं तर २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, त्यात मूल स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं, सपाट फरशीवर आणि लक्ष ठेवून तो चांगलाच.

खरेदी

लाकडी आणि जुन्या सामानासाठी जोगेश्वरीचं ओशिवरा मार्केट आणि उल्हासनगरचा फर्निचर बाजार बघतात, पॅकबंद कॉटसाठी नवी मुंबईत तुर्भ्याचं आयकिया, डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेलं. युरोपियन मापाच्या कॉटची गादी साधारण ६० बाय १२० सेमीची असते, अमेरिकन मापाची साधारण २८ बाय ५२ इंच, आणि कॉट बाहेरून गादीपेक्षा थोडा मोठा असतो. निघण्याआधी घरातल्या फरशीवर कॉटच्या बाहेरच्या मापाचे पेपर अंथरून कपाटाचं दार पूर्ण उघडतंय का, रात्री बाथरूमला जाता येतंय का ते बघावं, आणि जोडलेला कॉट घेणार असाल तर लिफ्टचं दारही मोजावं. जुन्या बिल्डिंगचा जिना अरुंद असतो, तिथे सुटा करता येणाराच घ्यायचा. सुट्या कॉटचे स्क्रू आणि ते फिरवायची चावी एका पिशवीत घालून कॉटलाच चिकटवून ठेवली तर पुढच्या घरी जाताना कुणाची पंचाईत होत नाही. मुलाची उंची ९० सेमीच्या आसपास गेली किंवा त्यानं कठड्यावर पाय टाकला की कॉट बंद, त्या दिवसापासून गादी जमिनीवर.