हाय प्रोटीन दूध, साधं दूध आणि पावडर: फरक नेमका कशात?

साध्या गायीच्या दुधात 100 मिलीमागे 3.2 ते 3.4 ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे 250 मिलीच्या पेल्यात आठेक ग्रॅम. ‘हाय प्रोटीन’ म्हणून विकलं जाणारं दूध तेवढ्याच पेल्यात बहुधा 13 ते 15 ग्रॅम देतं, काही प्रकार 25 ग्रॅमपर्यंतही जातात. व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं प्रोटीन; त्याच्या पावडरच्या 30 ग्रॅमच्या एका स्कूपमध्ये 22 ते 25 ग्रॅम. नुसते हे आकडे शेजारी शेजारी मांडून निर्णय घेतला तर हमखास फसायला होतं. तिन्हींतलं प्रोटीन दुधाचंच, आणि दर्जाही उत्तमच. जादा पैसे मोजायचे ते त्या प्रोटीनसोबत किती पाणी, किती साखर आणि किती फॅट पोटात जातं, यासाठी. पावडरीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न येतो: ते प्रोटीन किती वेगानं पचतं.

दुधातलं प्रोटीन वाढवायचे दोन मार्ग आहेत. पहिला गाळण्याचा, त्याला अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणतात. दुधातल्या प्रोटीनचा 80 टक्के भाग केसीनचा असतो आणि त्याचे सूक्ष्म गोळे सरासरी 150 नॅनोमीटरचे. उरलेले 20 टक्के व्हे. त्याचे रेणू काही नॅनोमीटरचे. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, त्याहूनही लहान. व्हे अडेल आणि लॅक्टोज निसटेल इतक्या बारीक छिद्रांच्या पडद्यावरून दूध दाबानं नेलं की पाणी, लॅक्टोज आणि विरघळलेले क्षार आरपार जातात. प्रोटीन आणि फॅट मागे राहतात. कॅल्शियमचा सुमारे दोन तृतीयांश भाग केसीनला बांधलेला असल्यामुळे तोही मागेच राहतो. म्हणून अशा दुधात कॅल्शियमही वाढलेलं दिसतं. बऱ्याचदा उरलेलं लॅक्टोज लॅक्टेज एन्झाइमनं फोडून त्याचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज करतात. या दोन्ही साखरा जिभेला लॅक्टोजपेक्षा गोड लागतात. वरून काही न घालताही हे दूध गोडसर लागतं ते त्यामुळे.

दुसरा मार्ग सोपा: दुधात स्किम्ड मिल्क पावडर (साय काढलेल्या दुधाची पावडर) किंवा मिल्क प्रोटीन कॉन्सन्ट्रेट (दुधातलं प्रोटीन एकवटून केलेली पावडर) मिसळायचं. पाकिटाच्या दर्शनी बाजूवर दोन्हींचा मजकूर सारखाच असू शकतो. फरक कळतो तो मागच्या तक्त्यातल्या कार्बोहायड्रेटच्या, म्हणजे दुधात मुख्यतः लॅक्टोजच्या, ओळीत. साध्या दुधात ही संख्या 100 मिलीला 4.7 ते 5 ग्रॅम असते. प्रोटीन 5.5 आणि कार्बोहायड्रेट 3 च्या आसपास दिसलं तर दूध गाळलेलं आहे. कार्बोहायड्रेट 5 च्या जवळ असेल तर बहुधा प्रोटीन कॉन्सन्ट्रेट घातलंय. आणि ते 7–8 वर गेलं असेल, घटकांच्या यादीत साखरही नसेल, तर ते स्किम्ड पावडर घातलेलं दूध आहे. त्या पावडरीत 100 ग्रॅममागे 35 ग्रॅम प्रोटीन असतं, पण 50 ग्रॅमच्या वर लॅक्टोजही असतं. पाकीट हातात घ्याल तेव्हा आधी ही एकच ओळ वाचा. ‘हाय प्रोटीन’ या ठळक अक्षरांपेक्षा ती कितीतरी जास्त सांगते. आकडा 100 मिलीचा आहे की पेल्याचा, आणि पेला 200 चा धरलाय की 250 चा, हेही बघा.

स्किम्ड पावडर घातलेलं दूध तर घरीही होतं, त्याला वेगळं पाकीट कशाला हवं? 250 मिली दुधात 20 ग्रॅम पावडर म्हणजे 7 ग्रॅम प्रोटीनची भर, एकूण 15. म्हणजे विकतच्या हाय प्रोटीन दुधाइतकंच. चमच्याचं माप पावडरीच्या दाण्यावर बदलतं, म्हणून पहिल्यांदा वजनकाट्यावर 20 ग्रॅम मोजून तेवढं आपल्या कोणत्या चमच्यात किती बसतं ते बघून ठेवा. पावडर गरम दुधात थेट टाकू नका. बाहेरचा थर लगेच भिजून चिकट होतो, आतली पावडर कोरडीच राहते आणि गुठळी कितीही ढवळली तरी फुटत नाही. अर्धी वाटी कोमट दुधात पावडर थोडी थोडी भुरभुरवत सरबरीत करा, दहा मिनिटं तशीच ठेवा, मग उरलेल्या दुधात ओता. असं दूध तापवताना तळाशी लवकर लागतं. मंद आच आणि सतत हलवणं हाच उपाय.

अडचण एकच, लॅक्टोजची. वरच्या पेल्यात ते 22 ग्रॅमच्या आसपास जातं. ज्यांना लॅक्टोज नीट पचत नाही, त्यांच्यातल्या बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅम, म्हणजे साधारण एक पेला साधं दूध, फारसा त्रास न होता चालतं. त्याच्या दुप्पट झालं की पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात. अशांना मात्र गाळून लॅक्टोज फोडलेलं दूध खरोखर उपयोगी पडतं, त्यासाठी जादा पैसे मोजणं योग्य आहे. पण ज्यांना दुधाच्या प्रोटीनचीच ॲलर्जी आहे, त्यांनी यातलं काहीच घेऊ नये. लॅक्टोज न पचणं आणि दुधाची ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘लॅक्टोज फ्री’ वाचून ॲलर्जी असलेल्या मुलाला हे दूध देणं धोक्याचं आहे, कारण त्याला त्रास देणारं प्रोटीनच त्यात वाढवलेलं असतं.

आता व्हे पावडर. केसीन पोटातल्या आम्लात साकळतं आणि सावकाश पचतं. व्हे लवकर पचतं आणि त्यात स्नायू बांधायला चालना देणारं ल्युसीन थोडं जास्त असतं. व्यायाम करणाऱ्यांना हा वेगाचा फरक फार मोठा करून सांगितला जातो. दिवसभराचं एकूण प्रोटीन पुरेसं आहे का, याला त्याहून कितीतरी जास्त महत्त्व आहे. पावडरीचा खरा फायदा म्हणजे कमी लॅक्टोज आणि कमी फॅटमध्ये भरपूर प्रोटीन. तिचे दोन प्रकार मिळतात: जास्त शुद्ध केलेल्या ‘आयसोलेट’मध्ये लॅक्टोज जवळजवळ नसतं, ‘कॉन्सन्ट्रेट’मध्ये थोडं असतं.

व्हे 70 अंशांच्या वर तापलं की उलगडतं आणि एकमेकांना चिकटतं. उकळत्या दुधात किंवा कॉफीत पावडर घातली की कण कण दिसतात ते यामुळे. ती खराब झालेली नसते, पोषणही कमी होत नाही, फक्त प्यायला नको वाटते. थंड दुधात आधी घोळून घ्या आणि मग कोमट दुधात मिसळा. शेकरमध्ये आधी द्रव, मग पावडर. उलट केलं तर तळाशी लगदा चिकटून बसतो.

पावडरीचा डबा निवडताना दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवा. काही माल्टयुक्त पावडरींवर ‘प्रोटीन’ मोठ्या अक्षरांत असतं, पण मोठा आकडा दुधात मिसळल्यानंतरचा असतो, म्हणजे दुधाचे आठ ग्रॅम त्यात धरलेले असतात. दुसरं, प्रयोगशाळेत प्रोटीन बहुधा नायट्रोजन मोजून काढतात. त्यामुळे ग्लायसिन किंवा टॉरिनसारखे नायट्रोजन असलेले स्वस्त पदार्थ घालून आकडा फुगवता येतो. घटकांच्या यादीत ही नावं स्वतंत्रपणे दिसली तर तो डबा ठेवून द्या.

विकत घेण्याआधी आपली तूट किती, ते काढा. निरोगी प्रौढाला किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज 50 ग्रॅम. वयस्कर माणसांसाठी तज्ज्ञ किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम सुचवतात, नियमित वजनं उचलणाऱ्यांसाठी 1.4 ते 2. जेवणातून 45 ग्रॅम मिळत असेल आणि गरज 50 ची असेल, तर एक पेला साधं दूध वाढवलं की काम झालं.

तूट मोठी असेल तर किंमत अशी तपासा. 100 मिलीमागे हाय प्रोटीन दुधात 5.6 आणि साध्यात 3.3 ग्रॅम प्रोटीन असेल, तर 5.6 ला 3.3 ने भागून 1.7 येतात. लिटरचा भाव साध्या दुधाच्या 1.7 पटीपर्यंत असेल तर प्रोटीन महाग पडत नाही. तिप्पट असेल तर प्रत्येक ग्रॅमला जवळपास पावणेदोन पट मोजताय. आमच्या मते हे जादा पैसे तिघांसाठीच सार्थकी लागतात: लॅक्टोज न पचणारे, वजन कमी करताना कॅलरी मोजणारे, आणि भूक मंदावलेली वयस्कर माणसं. अर्ध्या पेल्याच्या वर ज्यांना जात नाही, त्यांच्या त्या अर्ध्या पेल्यात चारऐवजी सात ग्रॅम जाणं ही मोठी गोष्ट आहे. बाकीच्यांना साधं दूध पुरेसं आहे, हवं तर वरून स्किम्ड पावडर. साय काढलेल्या दुधात प्रोटीन कमी होतं असा समज आहे, तोही चुकीचा. जातं ते फॅट.

एक वर्षाखालच्या बाळाला हाय प्रोटीन दूध देऊ नका. जादा प्रोटीन आणि क्षारांचा भार त्याच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नये.

स्वयंपाकात गाळलेल्या दुधाचं दही घट्ट लागतं, पण लॅक्टोज फोडलेलं दूध आटवताना नेहमीपेक्षा लवकर तपकिरी होतं, कारण सुट्या साखरा प्रोटीनशी पटकन रंग धरतात. सीलबंद यूएचटी पाकीट बाहेर टिकतं ते 135 ते 140 अंशांवर काही सेकंद तापवल्यामुळे. उघडलं की ते फ्रिजमध्येच ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. असं दूध आंबण्याऐवजी कधी कधी नुसतं कडवट होतं, त्यामुळे आंबट वास आला नाही म्हणून ते चांगलंच आहे असं धरू नका.