कळसूबाईच्याही वर, १६ तास

आईची केबिन बॅग मी तीनदा भरली आणि तिने चारदा उपसली. मुंबईहून निघायचं ते थेट न्यूयॉर्कला उतरायचं, मधले साधारण १६ तास एकाच खुर्चीत. तिच्या यादीत सगळ्यात वर सुक्या खोबऱ्याच्या वाट्या होत्या, कारण नातीला लसणीची चटणी हवी होती. माझ्या यादीत सगळ्यात वर होते मोजे. "तिथे काय मोजे मिळत नाहीत?" हा तिचा प्रश्न बिनतोड होता. मोजे तिथे नकोत, वाटेत हवेत, हे पटवायचं तर विमानाच्या आत नक्की काय हवापाणी असतं तिथपासून सुरुवात करायला हवी.

विमान ३५-४० हजार फुटांवर उडतं, पण आतल्या हवेचा दाब जमिनीवरच्या इतका ठेवत नाहीत. तेवढा ठेवायचा तर विमानाचं अंग फार जाड आणि जड करावं लागेल. म्हणून तडजोड केलेली असते: आतला दाब १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा. कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. तेव्हा विमानात बसलेला माणूस कळसूबाईच्याही वर, बऱ्याचदा सिमल्याच्या आसपास बसलेला असतो. फरक इतकाच की सिमल्याला आपण घाट चढत जातो आणि इथे अर्ध्या तासाच्या आत पोचतो.

२४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश असतो. दाब कमी झाला की बंद जागेतली हवा फुगते, आणि या हिशेबाने ती साधारण एक तृतीयांशाने वाढते. चिवड्याचं पाकीट वर गेल्यावर उशीसारखं टम्म होतं ते म्हणूनच. शाम्पूच्या बाटलीत वर जी रिकामी जागा असते तिथली हवाही अशीच पसरते आणि शाम्पूला झाकणाबाहेर ढकलते. मऊ बाटली असेल तर झाकण लावण्याआधी ती थोडी दाबून आतली हवा काढून टाकायची, काम झालं. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यातही दाब केबिनइतकाच असतो, त्यामुळे लोणच्याची बरणी चेक-इन बॅगेत टाकली तरी तिला हाच न्याय लागू. (लोणचं हातातल्या बॅगेत तसंही नेता येत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीला आला, तेव्हापासून द्रवाची बाटली १०० मिलिलिटरहून मोठी नको असा नियम आहे, आणि सुरक्षा तपासणीच्या भाषेत लोणचं, तूप, मोरावळा हे सगळे द्रवच.)

चिवड्याच्या पाकिटाला जे होतं ते आपल्या पोटालाही होतं. आतड्यात वायू असतोच, तो वर गेल्यावर पसरतो आणि पोट तडस लागल्यासारखं होतं. विमानतळावर निघण्याआधी मिसळ खाऊ नये, निदान मटकीची तरी.

कानाची गोष्ट जरा वेगळी. कानाच्या पडद्यामागच्या पोकळीतून घशापर्यंत एक बारीक नळी जाते. विमान चढताना पोकळीतली हवा फुगते आणि त्या नळीतून आपोआप बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढत जातो, हवा आत शिरायला हवी असते आणि मऊ नळीचं तोंड नेमकं दाबलं जातं. ते उघडतं गिळताना आणि जांभई देताना. म्हणून पूर्वी विमानात गोळ्यांचा ट्रे फिरायचा. आमच्या बॅगेत त्याऐवजी आवळासुपारीची डबी गेली. आंबट तोंडात टाकलं की लाळ सुटते, लाळ सुटली की गिळावं लागतं, आणि गिळलं की कान मोकळा. तान्ह्या बाळाला उतरताना दूध पाजतात ते याचसाठी. विमान खाली यायला लागल्यावर मोठ्या माणसाने झोपू नये, कारण झोपेत आपण फारसं गिळत नाही.

आता कोरडेपणा. बाहेरची हवा उणे ५० अंशांच्या आसपास असते आणि इतक्या थंड हवेत बाष्प जवळजवळ नसतंच. तीच हवा आत घेऊन तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता एखादा टक्काही भरत नाही. तरी केबिनमध्ये १० ते २० टक्के आर्द्रता सापडते, आणि तिचा मोठा वाटा प्रवाशांच्या श्वासाचा आणि घामाचा असतो! मुंबईत पावसाळ्यात ८०-९० टक्क्यांत मुरलेली त्वचा या हवेत गेली की दोन तासांत ओठ फुटतात, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं, नाक आतून ताणतं.

यावर घटाघटा पाणी पिण्याचा सल्ला सगळीकडे दिसतो. माझ्या मते तो थोडा अतिरेकी आहे. शरीरातलं एकूण पाणी काही धोकादायक घटत नाही. हवेला थेट लागणारे भाग तेवढे कोरडे पडतात. तहान लागेल तसं पाणी प्यावं, पण खरी मदत होते ती त्या त्या जागी केलेल्या उपायाने: ओठांना व्हॅसलीनची छोटी डबी, नाकासाठी सलाईनचे थेंब, आणि काँटॅक्ट लेन्स काढून चष्मा. साधा मास्कही उपयोगी पडतो, कारण उच्छ्वासातलं बाष्प त्यात अडकतं आणि पुढचा श्वास जरा ओलसर मिळतो. रिकामी बाटली तपासणीतून बिनदिक्कत जाते, पलीकडे भरून घ्यायची.

शाल मात्र हवीच. केबिनचं तापमान २२-२४ अंश असलं तरी खिडकीशेजारची भिंत गार असते, आणि कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो. आईच्या बॅगेत शाल होतीच. त्याबद्दल आमचा वाद नव्हता.

वाद मोज्यांवर होता. पायातलं रक्त वर चढवायला हृदय एकटं पुरत नाही. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आखडतात आणि शिरांतलं रक्त वर ढकलतात. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. माणूस तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसला की हा पंप बंद पडतो. पाय सुजतात, चपला घट्ट होतात, आणि क्वचित खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये या गुठळ्यांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर केले: ४ तासांहून जास्त बसून प्रवास केला की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे किती, हेही त्यांनी सांगितलं. निरोगी माणसात ६००० मागे एक. घाबरण्याजोगा आकडा नाही. आणि तो नुसत्या विमानाचा नाही, बस-रेल्वे-मोटारीचाही आहे. रात्रभर स्लीपर सोडून सीटवर बसून गावी जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पोटरीवर दाब देणारे मोजे घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जातात. त्यांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा २६०० हून अधिक प्रवाशांपैकी ५० जणांच्या पायात लक्षणं न दाखवणाऱ्या गुठळ्या सापडल्या. त्या ५० पैकी मोजे घातलेले होते ३, न घातलेले ४७. हा आकडा ऐकल्यावर आई म्हणाली, "बरं, दे इकडे." माप मात्र पोटरीच्या घेरावरून घ्यावं लागतं, आणि ज्यांच्या पायाच्या धमन्यांचा काही त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घालू नयेत. ज्यांना फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार आहे त्यांनीही निघण्याआधी विचारावं, कारण कळसूबाईच्या वरच्या हवेत रक्तातला ऑक्सिजन निरोगी माणसाचाही थोडा उतरतो.

औषधांबद्दल फार लिहीत नाही, कारण ती हातातल्या बॅगेतच असावीत हे सगळ्यांना माहीत असतं. मोठी बॅग दोन दिवस उशिरा आली तर रक्तदाबाची गोळी वाट पाहत नाही. इन्सुलिनचं एक कारण जास्तीचं: ते प्रथिन आहे, एकदा गोठलं की वितळल्यावर पूर्वीसारखं काम करत नाही, आणि सामानाच्या कप्प्यात ते किती गार पडेल याची खात्री आपल्या हातात नसते.

पॉवर बँकही हातातच लागते, पण कारण उलटं आहे: ती आपल्या डोळ्यांसमोर पेटलेली बरी. लिथियमच्या बॅटरीत आत कुठे शॉर्ट झालं तर एक घर (सेल) तापतं, ते शेजारच्या घराला तापवतं, आणि ही साखळी थांबत नाही. सामानाच्या कप्प्यात आग विझवणारा वायू असतो खरा, पण तो ज्वाळा दाबतो, बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया नव्हे. वर केबिनमध्ये निदान कुणीतरी धूर पाहतं आणि पाणी ओततं. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानजवळच्या गिमहे विमानतळावर एअर बुसानचं एअरबस विमान उड्डाणाआधीच पेटलं. आग डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यात लागली होती आणि तपासात बोट पॉवर बँकेकडे गेलं. सगळे प्रवासी बाहेर पडले, विमानाचं छप्पर जळून गेलं. त्यानंतर कोरियाने ती वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली, आणि हा शहाणपणा आपणही करावा: पॉवर बँक आपल्यापाशी, नजरेसमोर. मर्यादा १०० वॉट-तासांची. २०,००० एमएएचला ३.७ व्होल्टने गुणून १००० ने भागलं की ७४ येतात, म्हणजे चालते.

जेवणाचं म्हणाल तर विमानातलं अन्न बेचव लागतं त्यात स्वयंपाक्याचा दोष अर्धाच. जर्मनीत म्युनिकजवळ फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी कमी दाबाच्या, कोरड्या केबिनमध्ये माणसं बसवून जेवू घातलं, तेव्हा मीठ आणि साखर दोन्ही कमी जाणवत होती. इंजिनाची घरघरही गोड चव बोथट करते, असं कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१५ च्या प्रयोगात दिसलं. टोमॅटोत असते ती 'उमामी' चव मात्र उलट खुलते. आवाज दाबणारे हेडफोन असतील तर जेवतानाही लावून बघावेत. ते घरघरीच्या बरोबर उलट लहर सोडतात, म्हणून एकसुरी आवाज छान गिळतात. मागच्या रांगेतल्या बाळाचं रडणं मात्र सोडून देतात. आम्ही शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीची पुडी नेली होती. भातावर घेतली, आणि शेजारच्या काकांनी मान वळवून पाहिलं तेव्हा त्यांनाही दिली.

राहिलं खोबरं. ते आईने बॅगेत परत घातलं होतं, आणि मी परत काढलं. सुकं खोबरं धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, क्रमांक यूएन १३६३, वर्ग ४.२: आपोआप तापून पेटू शकणारे पदार्थ. खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असतं. तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग होतो आणि त्यात थोडी थोडी उष्णता सुटते. माल दमट असेल तर बुरशीही तिची भर घालते. डब्यातल्या चार वाट्यांतून ती उष्णता निघून जाते. गच्च भरलेल्या पोत्यात ती कोंडते, तापल्यावर क्रिया आणखी जलद होते, आणखी उष्णता सुटते. पण नियम पोतं आणि डबा असा भेद करत नाही. तेल खवट होतं ते बऱ्याच अंशी याच क्रियेने. फरक फक्त वेगाचा आणि ढिगाचा.

"म्हणजे माझ्या डब्यात आग लागली होती, एवढी वर्षं?" आई म्हणाली.

न्यूजर्सीतल्या एका इंडियन स्टोअरमध्ये खोबऱ्याच्या वाट्या मिळाल्या. आईने घरी येऊन पाकीट फोडलं, एक वाटी नाकाशी धरली आणि माझ्यापुढे केली. "घे, बघ तुझी उष्णता. खवट आहे."