पोट वाढलं, घसा तोच

१९७० साली शेव्हरोले या अमेरिकन मोटार कंपनीच्या यादीत एकाच घराण्यातली दोन व्ही-८ (आठ सिलिंडरांची) इंजिनं होती. एक ४०० घन इंचांचं, म्हणजे जवळपास ६.६ लिटरचं; जाहीर ताकद २६५ अश्वशक्ती. दुसरं ३५० घन इंचांचं एलटी-१. कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये ३७० अश्वशक्ती. धाकटं थोरल्याला शंभराहून जास्त अश्वशक्तीनं भारी! हे कसं, ते बघायला पंधरा वर्षं मागं जावं लागतं.

शेव्हरोलेचे मुख्य अभियंता एड कोल यांच्या देखरेखीखाली बनलेलं या घराण्याचं इंजिन १९५५ मध्ये २६५ घन इंचांचं होतं. १९५७ ला ते २८३ झालं, १९६२ ला ३२७, १९६७ ला ३५०. हेडच्या (सिलिंडरांवरचं झाकण, ज्यातून हवा आत-बाहेर जाते) बोल्टांच्या जागा मात्र त्याच राहिल्या, त्यामुळे एकाचं हेड दुसऱ्यावर सहज बसे. गॅरेजवाल्यांचं इथंच फावलं आणि फसगतही इथंच झाली. २८३ च्या साध्या हेडमधला इनटेक व्हॉल्व (हवा आत घेणारी झडप) १.७२ इंचांचा. तो ३५० वर चढवला की गाडी खालच्या आरपीएमला झकास ओढते, वर मात्र दम तुटतो. उलट, १९६४ मध्ये तगड्या ३२७ ला मिळालेला २.०२ इंची व्हॉल्व २८३ च्या अरुंद बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) भिंतीला इतका खेटतो की मोठेपणाचा फायदा बराचसा वाया जातो.

कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याची, गोष्ट जास्त मजेदार. १९६४ च्या ३६५ अश्वशक्तीच्या ३२७ मधला कॅम ‘थर्टी-थर्टी’ म्हणून ओळखला जाई, कारण इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे टॅपेटचा गॅप (व्हॉल्वच्या यंत्रणेतली मोकळी फट) ०.०३० इंच ठेवायचा. ट्रान्स-ॲम या अमेरिकन मोटार शर्यतीत ३०५ घन इंचांची मर्यादा होती, म्हणून १९६७ च्या कॅमारो झेड/२८ साठी ३०२ चं इंजिन बनलं आणि त्यात हाच कॅम गेला. तिथं तो आयडलला (इंजिन चालू, गाडी उभी असताना) गाडी हलवून सोडतो, खालून जोर देत नाही. तोच ३५० मध्ये टाका, बराच माणसाळतो. व्हॉल्व उघडा राहण्याचा काळ तोच, पण मोठा सिलिंडर दर फेरीला जास्त हवा मागतो, म्हणून ताकदीचं शिखर खालच्या आरपीएमला येतं. कॅम ‘गरम’ की ‘थंड’, म्हणजे उग्र की सौम्य, हे इंजिनाचं माप विचारल्याशिवाय सांगूच नये.

थोरल्या ४०० च्या वाट्याला सौम्य कॅम, कमी कॉम्प्रेशन आणि दोन बॅरलचा (दोन हवामार्गांचा) कार्बोरेटर आला. जड सेडान ओढायला तेवढं पुरे होतं. त्याचे सिलिंडर एकमेकांना जोडलेले, मधून पाणी जात नाही. वाफ निघायला डेकमध्ये (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागात) बारीक भोकं ठेवलेली. ३५० चं हेड बसवताना ती भोकं जुळवून पाडली नाहीत, तर वाफ कोंडते आणि इंजिन तापतं.

हौशी मंडळींनी मग ४०० चा क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) घेतला, त्याचे मेन जर्नल (मुख्य बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) घासून तो ३५० च्या ब्लॉकमध्ये बसवला, बोअर ०.०३० इंचानं वाढवला: ३८३ तयार. सुरुवातीला त्यावर जुनी फॅक्टरी हेड चढायची, इनटेक पोर्ट (हवा आत नेणारे मार्ग) सुमारे १६० सीसीचे. पुढं बाजारात १९५ सीसीच्या आसपासच्या पोर्टची ॲल्युमिनियम हेड आली, तेव्हा कुठं त्या लांब स्ट्रोकला (पिस्टनच्या लांब फेरीला) वरच्या आरपीएमलाही पुरेशी हवा मिळू लागली.